भुताच्या घरी जायचंय, पण चोरून नको

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. वय 38, मूळच्या पुण्याच्या, अमेरिकेत 13 वर्षं. त्यांना लहानपणापासून भीतीचं वेड. सप्टेंबर सरत आला की त्यांचा जीव हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाच्या, हाँटेड हाउसमध्ये अडकतो: सोंगं घेतलेले नट जिथे आपल्याला घाबरवतात ती भुताची घरं. दर सीझनला चार-पाच ठिकाणी तिकीट काढून त्या मनसोक्त घाबरून येतात. अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहतो. उरलेलं वर्ष टीव्हीवरच्या भूत शोधणाऱ्यांच्या मालिकांवर निघतं. गेलं वर्षभर 9 वर्षांचा मुलगाही शेजारी बसून त्या बघतो. आता तो दिवा लावल्याशिवाय झोपत नाही, जिन्याखालच्या कपाटाकडे एकटा जात नाही, आणि फोनवर भूत ओळखणारं ॲप घेऊन घरभर फिरतो. रात्री तो उठला की नवरा उठतो, आणि नवरा म्हणतो, "हे सगळं बंद कर." त्यात यंदा चिपळूणहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. व्हिडिओ कॉलवर सांगाडा बघून त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या तोंडावर दारात मेलेल्या माणसांची चेष्टा कशाला गं?" मैत्रिणीने ठरवत आणलंय की घरात 'छंद सोडला' असं सांगायचं आणि ऑफिसात उशीर होणार म्हणून गुपचूप जाऊन यायचं. त्या विचारतात: माझ्यात काही बिघाड आहे का? अंधश्रद्धाळू सासूबाईंपुढे मी का वाकायचं? मुलासाठी हे सगळं सोडून द्यायचं का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली एक जागा मी दोनदा वाचली. शेवटच्या खोलीतून करवतवाला मागे लागतो, तुम्ही किंचाळत बाहेर पार्किंगच्या खडीवर येता, गार वारा तोंडावर येतो, हात थरथरत असतात, आणि तुम्ही नि तुमची मैत्रीण एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसता. "त्या पाच मिनिटांत घराचं कर्ज, बाबांची बायपास, सोमवारची मीटिंग, काही म्हणजे काही आठवत नाही," असं तुम्ही लिहिलंय. आपल्याला कशात आनंद होतो हे जिला इतकं नेमकं सांगता येतं, तिच्यात बिघाड नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथेच देऊन टाकते.

तुम्हाला नुसत्या माझ्या शब्दावर विसंबायला लागू नये म्हणून थोडं अभ्यासाचंही सांगते. तुमच्याच राज्यात, पिट्सबर्गच्या एका हाँटेड हाउसमध्ये मार्गी कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 262 जणांना आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर प्रश्न विचारले. बऱ्याच जणांचा मूड बाहेर आल्यावर सुधारलेला होता. जे थकून, कंटाळून किंवा ताणात आत गेले होते त्यांचा तर अधिकच. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात गंमत म्हणून घेतलेल्या भीतीचाच अभ्यास करणारा एक गट आहे. 2020 मध्ये छापलेल्या एका अभ्यासासाठी त्यांनी 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांना अशा घरातून फिरवलं. भीती फारच कमी वाटली तर मजा नाही, फार जास्त झाली तरी मजा नाही. आनंद मधेच कुठेतरी, असं त्यांच्या हाती लागलं. कोविडच्या काळात 310 लोकांची पाहणी झाली, त्यात भयपटांचे शौकीन बाकीच्यांपेक्षा कमी खचलेले दिसले. भीतीशी थोडी ओळख असलेल्यांना खऱ्या भीतीच्या दिवसांत तिचा उपयोग होत असावा.

हे वाचून तुम्हाला नवऱ्याला दाखवावंसं वाटेल. दाखवा. पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हाँटेड हाउसच्या अभ्यासांतली सगळी माणसं आपल्या पायांनी आत गेली होती. आणि आनंदाची ती मधली जागा प्रत्येकाची वेगळी असते. तुम्हाला जे मीठ चवीपुरतं वाटतं त्याने दुसऱ्याचं तोंड खारट होतं.

माझं आजोळ गुहागर तालुक्यातलं. शिमग्यात तिथे संकासूर येतो. काळा झगा, काळ्या कापडात झाकलेलं तोंड, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांची माळ, हातात पिळलेला दोर. मी सात वर्षांची असेन. घुंगरं आधी वाडीच्या वळणावर वाजली, मग बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी, मग थेट अंगणात. मी पडवीत आजीच्या नऊवारीचा ओचा मुठीत धरून तिच्या मागे उभी होते. आजीने मला पुढे ढकललं नाही आणि आत जा असंही म्हटलं नाही. नुसता माझा दुसरा हात हातात ठेवला. संकासूर गर्रकन वळला आणि माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला, टाचेला भेगा. आमच्याकडे नारळ पाडायला जो गडी यायचा, त्याचाच तो अंगठा! मला ओळख पटली आणि तरीही मी आणखी जोरात किंचाळले, पण आता ते किंचाळणं निराळं होतं. पुढच्या शिमग्याला मीच वळणापर्यंत धावत गेले.

त्याच दिवशी, त्याच अंगणात माझ्या पाच वर्षांच्या मामेभावाला एका काकांनी गंमत म्हणून उचलून संकासुराच्या समोर धरलं. सगळे हसले. रात्री त्याला ताप भरला. पुढे कित्येक वर्षं शिमगा आला की तो माजघराच्या दाराला आतून कडी घालून बसायचा. तोच संकासूर, तेच घुंगरू. मी आजीच्या मागून हवं तेवढंच डोकावले होते, आणि त्याला कुणीतरी उचलून समोर धरलं होतं. तुमच्या तिन्ही प्रश्नांवर मला जे सांगायचंय ते या दोन पोरांच्या गोष्टीतच आहे. तुमचा मुलगा आणि तुमच्या सासूबाई, या दोघांनाही तुम्ही न कळत उचलून समोर धरलंय का, एवढंच आपण पाहू.

आधी सासूबाई. तुम्ही त्यांना अंधश्रद्धाळू म्हणून मोकळ्या झालात. पण त्यांचं जे वाक्य तुम्हीच लिहून पाठवलंय ते परत वाचा. दारात सांगाडा ठेवला तर भूत घरात येईल, बाधा होईल, असं त्या बोलल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसांची चेष्टा कशाला. यात अंधश्रद्धा कुठे आहे? पितृपक्षात ज्यांच्या नावाने पान वाढतो, त्यांच्याबद्दलची ती एक रीत आहे. आणि गंमत अशी की हाच आक्षेप तुमच्या घरापासून तासा-दीड तासावर खुद्द अमेरिकन माणसांनीही घेतलेला आहे.

गेल्या सीझनला जाऊन आलात त्यातल्या दोन जागांची नावं तुम्ही लिहिलीत, ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी आणि पेनहर्स्ट. पहिला जुना तुरुंग. 1829 मध्ये उघडला, 1971 मध्ये बंद पडला, कुख्यात गुंड अल कपोनने तिथे काही महिने काढले. 1991 पासून हॅलोविनचे खेळ तिथे सुरू झाले ते पडझड होत चाललेल्या त्या वास्तूच्या जतनासाठी पैसे उभे करायला. दिवसा त्याच जागी तुरुंगांच्या इतिहासाचं गंभीर संग्रहालय चालतं. पेनहर्स्टची गोष्ट मात्र जड आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुला-माणसांसाठीची ती सरकारी संस्था 1908 ते 1987 चालली. 1968 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका टीव्ही वार्ताहराने आतली दुर्दशा पडद्यावर दाखवली आणि लोक हादरले. पुढे खटला झाला, 1977 मध्ये तिथल्या रहिवाशांच्या हक्कांची पायमल्ली झाल्याचं न्यायालयाने म्हटलं. त्या इमारतीत 2010 मध्ये हाँटेड हाउस सुरू झालं तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. जिथे खऱ्या माणसांनी खरे हाल सोसले तिथे त्यांच्याच वेदनेचं सोंग घेऊन लोकांना घाबरवायचं का, हा त्यांचा प्रश्न.

तुमच्या सासूबाईंनी पेनहर्स्टचं नावही ऐकलं नसेल, पण त्या बोलल्या ते हेच. तुम्ही तिथे जाऊ नये असा माझा हुकूम नाही. मला स्वतःला मात्र भुतांची, राक्षसांची, भोपळेवाल्या शेतातल्या बुजगावण्यांची भीती विकत घ्यायला आवडेल, खऱ्या रुग्णांची नाही. पुढचं तिकीट काढताना ही जागा आधी काय होती, एवढं विचारून बघा. आणि हे सगळं सासूबाई आल्यावर त्यांना सांगा. 'तुम्ही म्हणालात त्यात तथ्य आहे' हे वाक्य सुनेच्या तोंडून ऐकल्यावर पुढचं बोलणं किती सोपं होतं, ते तुम्हाला कळेलच.

मग त्यांना संकासुराबद्दल विचारा. चिपळूणच्या बाई आणि शिमग्यातला संकासूर माहीत नाही, असं होणं अवघड आहे. आपल्या सणांत भीतीला जागा नाही, ती सगळी अमेरिकेतून आली, असं तुमच्या पत्रात दोन ठिकाणी गृहीत धरलंय, ते मला पटत नाही. गोव्यात पोरं आठवडे-आठवडे खपून कागद, गवत, पत्र्याचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात. 2024 साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला पडली. तुमच्या बारा फुटी सांगाड्याला आमच्या गोव्यातल्या पोरांनी आनंदाने आत घेतलं असतं. तरी सांगाडा मागच्या अंगणात हलवा. दारातून आत येताना सासूबाईंना तो दिसू नये आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत तो गॅरेजात राहावा, एवढं तुम्ही आपणहून करा, त्यांनी म्हणायच्या आधी. यात वाकणं-बिकणं काही नाही. सहा महिने ते त्यांचंही घर आहे.

आता टीव्ही. इथे मी तुमच्याशी सहमत नाही आणि जरा स्पष्ट बोलणार आहे.

हाँटेड हाउस आणि भूत शोधणाऱ्यांच्या मालिका तुम्ही 'माझा छंद' म्हणून एकाच पिशवीत घातल्यात. माझ्या मते त्या एकमेकींच्या उलट आहेत. हाँटेड हाउस तुम्हाला दारातच सांगतं की हे खोटं आहे. तिकीट फाडलं जातं, दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आत जाऊ नका अशी पाटी असते, करवतीची साखळी काढून ठेवलेली असते, आणि बाहेर येताना मघाचा राक्षस मुखवटा डोक्यावर सरकवून कॉफी पिताना दिसतो. म्हणजे अंगठा दिसतो! भीती खरी, गोष्ट खोटी, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक.

मालिका याच्या उलट चालते. गोष्ट खरी आहे असं सांगून ती भीती विकते. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये ऱ्होड आयलंडच्या दोन प्लंबरांना घेऊन 'घोस्ट हंटर्स' सुरू झाली, आणि तेव्हापासून तो साचा तुम्हाला पाठ आहे: हिरवट अंधार, हातात मीटर, "ऐकलंस का?" आणि नेमकी तिथे जाहिरात. ब्रिटनमध्ये अशाच 'मोस्ट हाँटेड' मालिकेबद्दल तक्रारी गेल्या तेव्हा तिथल्या ऑफकॉम या नियामकाने 2005 मध्ये ती मनोरंजन म्हणून बघावी, खरा शोध म्हणून नव्हे, असाच निर्वाळा दिला. त्या मंडळींच्या हातातलं मीटर विजेच्या तारांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं. जुन्या घरातलं वायरिंग, खिशातला फोन, फ्रिज, काहीही जवळ आलं की त्याचे दिवे पेटतात. रेकॉर्डरमधल्या खरखरीत 'निघून जा' ऐकू येतं कारण आपला मेंदू आवाजात शब्द शोधतोच, आणि पडद्याखाली ते शब्द आधीच लिहून दाखवले की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. फोटोतले तरंगणारे गोळे ही फ्लॅशसमोर आलेली धूळ.

आणि मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की खरा शोध त्याहून कितीतरी चित्तथरारक असतो. 1921 मध्ये डॉ. विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत छापली. जुन्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलं ऐकू यायला लागली, माणसं दिसायला लागली, मुलं मलूल झाली, झाडं सुकली. घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरत होता. 1998 मध्ये ब्रिटनच्या कॉव्हेन्ट्रीमधल्या विक टँडी या अभियंत्याने आपली हकीकत छापली: 'भुताटकी' असलेल्या प्रयोगशाळेत डोळ्यांच्या कडेला दिसणाऱ्या करड्या आकृतीचा त्याने माग काढला, आणि तो पोचला एका पंख्यापाशी. पंख्यामुळे कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे 19 कंपनांचा आवाज खोलीत घुमत होता. या दोन गोष्टींत भूत सापडलं नाही, पण पहिल्या घरातली पोरं तरी वाचली. (तुमच्या घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आजच बटण दाबून बघा. हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनीच बघा.)

तुम्ही मोठ्या आहात. हे सगळं ठाऊक असूनही तुम्हाला त्या मालिका बघायच्या असतील तर खुशाल बघा. पण 9 वर्षांच्या मुलाला 'मनोरंजन म्हणून' ही बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. 31 ऑक्टोबर 1992 ला बीबीसीने 'घोस्टवॉच' नावाचं नाटक थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखवलं, टीव्हीवर नेहमी दिसणारे निवेदक घेऊन. मोठी माणसंसुद्धा फसली. 1994 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांबद्दल लिहिलं, ज्यांच्यावर त्या कार्यक्रमाचा मानसिक आघात झाला होता. खऱ्याच्या आवाजात सांगितलेलं त्यांनी खरं मानलं, इतकंच.

तुमचा मुलगा तेच करतोय. ॲप घेऊन घरभर फिरणारा तो पोरगा मला खेळताना दिसत नाही, पहारा देताना दिसतो.

"त्यालाही माझ्यासारखीच आवड आहे," असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याच दोन ओळी वर लिहिलंय की शुक्रवारी रात्री एकच गोधडी, एक मोठं भांडं पॉपकॉर्न, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत, आणि तो संध्याकाळपासून विचारत असतो, "आई, आज किती भाग?" मैत्रिणी, तो भुतांसाठी येतो की गोधडीसाठी? आठवड्यात आईचा फोन दुसऱ्या खोलीत जाण्याची ती एकच वेळ असेल, तर ती मिळवायला मूल भूतसुद्धा सोसेल. एक शुक्रवार दुसरं काहीतरी करून बघा, पत्ते, जुना क्रिकेट सामना, काहीही, पण गोधडी तीच आणि फोन तिकडेच. तो तितक्याच आनंदाने येऊन बसला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मालिका त्याच्यासमोर बंद. हा छंद सोडणं नव्हे. तो झोपल्यावर, हेडफोन लावून तुमच्या तुम्ही बघा. त्याला "भूत-बीत काही नसतं, एवढा मोठा झालास" असं म्हणू नका. त्याने घाबरणं थांबत नाही, सांगणं थांबतं. दिवा राहू द्या. जिन्याखालचं कपाट एका रविवारी भर दुपारी दोघांनी मिळून रिकामं करा, झाडा, पुसा, आणि त्यात त्याची बॅट, स्केट्स, त्याच्या वापरातलं सामान ठेवा, म्हणजे दिवसातून चारदा ते दार तोच उघडेल. आणि रात्री तो उठला की तुम्ही उठा. नवऱ्याच्या 'बंद कर'मध्ये मला भुतांचा राग कमी आणि दोन वाजता मोडलेल्या झोपेचा जास्त ऐकू येतो. महिनाभर तुम्ही उठून बघा, मग नवऱ्याशी हाँटेड हाउसचा विषय काढा. चार-सहा आठवड्यांत मुलात काहीच फरक पडला नाही, शाळेच्या वेळी पोट दुखायला लागलं, दिवसाही एकटं राहवेना, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते पुढे समुपदेशकाकडे पाठवतील. यात कमीपणा काही नाही.

तो जरा सावरला की त्याच्या हातातलं ते ॲप काढून घेऊ नका, ते कामाला लावा. दुपारी बाराला स्वयंपाकघरात, लायब्ररीत, गाडीत, मारुतीच्या तसबिरीसमोर, सगळीकडे ते चालवून तो एका वहीत लिहू दे, भूत कुठे-कुठे 'सापडलं' ते. अंधाऱ्या खोलीत एक जुना पंचा झटकायचा आणि लगेच फ्लॅश मारून फोटो काढायचा. पडद्यावर वीस-पंचवीस तरंगते गोळे दिसतील. हे मी माझ्या भाचीबरोबर केलं आहे. पहिला फोटो बघून तिने माझा दंड घट्ट धरला. तिसऱ्या फोटोला पंचा तिच्या हातात होता आणि "मावशी, आणखी धूळ!" म्हणून ती ओरडत होती. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री मुलांना-मोठ्यांना घेऊन स्मशानात जातात, तिथे बसून गप्पा मारतात, तेही याच जातीचं काम. जवळ जाऊन, हात लावून बघितलं की भीतीचा आकार कमी होतो.

आणि यंदा हॅलोविनला गॅरेजात त्यालाच एक छोटं भुताचं घर बांधू द्या. अमेरिकेतल्या हाँटेड हाउसची मुळं तशीही घरगुतीच. 1930 च्या मंदीच्या काळात हॅलोविनच्या रात्री पोरं गल्लीत नासधूस करायची, म्हणून आई-बापांनी तळघरांत भीतीच्या वाटा तयार केल्या आणि पोरांना त्यात गुंतवलं. तुमच्या पोराकडे जुन्या चादरी, दोरी, थंडगार उकडलेल्या नूडल्सचं भांडं आणि टॉर्च द्या. कुणाला किती घाबरवायचं, कुठे थांबायचं, ते तो ठरवेल. शेजारचं लहान पोर रडकुंडीला आलं तर दिवा कोण लावणार, हेही त्यानेच ठरवायचं. पडद्यामागे उभं राहिलेल्या मुलाला पडद्यामागे काय आहे याची भीती उरत नाही. आजीला तिकीट फाडायला दारात बसवा. बसतील त्या, विचारून तर बघा.

राहिलं ते गुपचूप जाणं. ते नका करू. नवऱ्याशी खोटं बोलू नये हे तर आहेच, पण माझ्या मनात त्याहून दुसरी गोष्ट आहे. तुमच्या जॅकेटला धुराच्या यंत्राचा आणि सफरचंदाच्या सायडरचा वास असतो, तो त्या पोराला ओळखता येतो. ज्या घरात मूल आधीच बंद दारांमागे काय आहे ते हुडकत फिरतंय, तिथे आईने आणखी एक बंद दार उभं करू नये. उघड सांगा: ऑक्टोबरातले दोन गुरुवार माझे. शनिवारपेक्षा गुरुवारी रांग छोटी आणि तिकीट बऱ्याचदा स्वस्त, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. चार-पाच ठिकाणांऐवजी दोन, ही तडजोड मला अन्यायाची वाटत नाही. बाकीच्या दोन-तीन संध्याकाळी गॅरेजात जातीलच.

मुलाला तुमच्याबरोबर कधी न्यायचं, असंही शेवटी विचारलंय. बऱ्याच हाँटेड हाउसवाल्यांचाच सल्ला असतो की 13 च्या आतल्यांना आणू नका. त्यातलं वय म्हणजे नुसता अंदाज धरा. त्याने आपणहून मागितलं, दोनदा मागितलं, मग एखाद्या ठिकाणचा दिवसाउजेडी लहान मुलांसाठीचा खेळ आधी दाखवा. आत जाण्यापूर्वी एक शब्द ठरवा, 'खोबरं' म्हणा हवं तर. तो शब्द उच्चारला की तुम्ही दोघं त्याच पावली बाहेर, पैसे गेले तरी, आणि गाडीत त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. काही ठिकाणी चमकती माळ किंवा खूण घालायला देतात, त्यावरून नटांना कळतं कुणाला हात लावायचा आणि कुणाला नाही. तिथे लाजू नका. आणि जे पहिल्यांदाच कुठल्याशा छोट्या, हौशी हाँटेड हाउसला जाणार आहेत त्यांनी आत शिरताना भुतांआधी बाहेर पडायचे दिवे बघावेत. 1984 च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एका करमणूक-उद्यानात अशाच घराला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. तिथे पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर नियम कडक झाले. तरीही फवारे, उघडी दारं आणि बाहेर पडायच्या खुणा दिसत नसतील तर माघारी फिरा. कुणी आत जाण्याआधी 'काहीही झालं तरी चालेल' अशा कागदावर सही मागत असेल आणि थांबा म्हटल्यावर थांबणार की नाही याचं सरळ उत्तर देत नसेल, तर तिथे तुमच्यासारख्या मुरलेल्या शौकिनानेही पाऊल टाकू नये असं मला वाटतं.

सासूबाई आल्या की पहिल्याच आठवड्यात, चहाच्या वेळी, मुलाला शेजारी घेऊन त्यांना विचारा की लहानपणी त्यांच्या वाडीत संकासूर यायचा तेव्हा त्या कुठे लपायच्या. त्यांनी काय सांगितलं ते मला नक्की कळवा. चिपळूणकडच्या संकासुराच्या हातात दोर असायचा की काठी, हे मला कधीचं विचारायचंय.

तुमची,
ताई